गीत दुसऱ्याचे, आत्मा आपला

एखादे गीत लोकांच्या तोंडी बसले म्हणजे ते पहिल्या गायकापुरते उरत नाही. एकच अभंग दहा कीर्तनकार दहा परींनी म्हणतात आणि तरीही श्रोत्यांस त्याचा कंटाळा येत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. अमेरिकेत एका गायकाच्या नावावर गाजलेले गीत दुसऱ्याने आपल्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तर त्यास ‘कव्हर’ म्हणतात. तेथील ‘सोल’ नामक संगीताच्या गायकांनी या प्रथेला जे वळण दिले, त्याची हकीकत उद्बोधक आहे. गीत कोणाचे? लिहिणाऱ्याचे, प्रथम गाणाऱ्याचे, की त्यात प्राण ओतणाऱ्याचे? या प्रश्नाला केवळ कलेची नव्हे, तर न्यायाचीही बाजू आहे.

‘सोल’ म्हणजे आत्मा. हे संगीत १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात उदयास आले, आणि त्याचे माहेर म्हणजे त्या समाजाच्या चर्चमधील उपासना. गायकाने एक ओळ उचलावी, मंडळीने तिला उत्तर द्यावे, टाळ्यांचा ठेका धरावा, आणि अंतःकरण भरून आले की शब्द सोडून नुसत्या स्वरांनी आळवणी करावी, अशी तेथील रीत. सॅम कुक हा पाळकाचा मुलगा; १९५७ साली लौकिक गीतांकडे वळण्यापूर्वी तो ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगीते गाणाऱ्या संचात गात असे. रे चार्ल्स या अंध गायकाने १९५४ साली एका भक्तिगीताच्या धर्तीवर प्रेमगीत गाऊन मुद्रित केले, तेव्हा पुष्कळ भाविकांस ते रुचले नाही. परंतु चर्चमध्ये घडलेला तो सूर आता बाहेरच्या जगात घुमू लागला होता.

त्या काळी कव्हरची प्रथा कृष्णवर्णीय गायकांना बहुधा नुकसानीचीच ठरे. १९५५ साली फॅट्स डॉमिनोचे ‘एंट दॅट अ शेम’ हे गीत निघाले. त्याच वर्षी पॅट बून या गौरवर्णीय तरुणाने तेच गीत गाऊन खपाच्या यादीत पहिले स्थान पटकावले. लिट्ल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’ची गतही तशीच झाली. यात कायद्याचा भंग नव्हता. तेथील १९०९ च्या कायद्यान्वये एकदा मुद्रित झालेले गीत कोणीही पुन्हा मुद्रित करू शकत असे. मात्र प्रत्येक प्रतीमागे गीताच्या मालकास दोन सेंट द्यावे लागत. डॉमिनो सहलेखक असल्यामुळे त्यास तेवढा तरी मोबदला होता. ज्याने केवळ गळा दिला, त्याला या कायद्यात जागाच नव्हती.

पुढील दशकात वारे फिरले. कृष्णवर्णीय गायकच इतरांची गाजलेली गीते घेऊ लागले. पण त्यांची हुबेहूब नक्कल न करता त्यांना नवा जन्म देऊ लागले. १९६२ साली रे चार्ल्सने गोऱ्या ग्रामीण समाजाची मानली जाणारी ‘कंट्री’ गीते निवडून एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. त्यातील डॉन गिब्सनचे ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे गीत पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याआधी १९६० साली त्याने ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे तीस वर्षांचे जुने गीत गाइले होते. १९६१ साली त्याच जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरी वर्णभेद पाळून प्रेक्षकांस वेगळे ठेवणारा कार्यक्रम त्याने नाकारला आणि त्यापायी नुकसानभरपाईही भरली. पुढे १९७९ साली त्याच राज्याने तेच गीत आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले, आणि विधिमंडळापुढे ते गाण्याचा मान चार्ल्सलाच दिला.

ओटिस रेडिंग हाही याच परंपरेतला. १९६५ साली त्याने ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज संचाचे ‘सॅटिस्फॅक्शन’ घेतले आणि मूळ गीतात गिटारवर वाजणारी सुरावट ट्रंपेट-सॅक्सोफोनांच्या तोंडी दिली. ‘ट्राय अ लिट्ल टेंडरनेस’ हे १९३२ सालचे संथ गीत. १९६६ साली त्याने ते हलक्या आवाजात आरंभून हळूहळू असे पेटवले की, शेवटी भरल्या उपासनेतील आवेशच जणू त्यात उतरला.

परंतु या प्रथेचा सर्वात बोलका दाखला रेडिंगच्या स्वतःच्याच गीताने घडविला. ‘रिस्पेक्ट’, म्हणजे सन्मान, हे गीत त्याने १९६५ साली लिहून गाइले. राबून पैसा घरी आणणारा पुरुष आपल्या स्त्रीकडे मानाची मागणी करतो, असा त्याचा आशय. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे ॲरिथा फ्रँकलिनने ते मुद्रित केले. ती डेट्रॉईट शहरातील एका प्रख्यात बाप्तिस्त पाळकाची कन्या होती आणि बालपणापासून वडिलांच्या चर्चमध्ये गात आली होती. तिच्या मुखी तेच गीत स्त्रीचे झाले. त्या शब्दाचे एकेक अक्षर सुटे उच्चारण्याची कल्पना मूळ गीतात नव्हती. मागून साथ देणाऱ्या तिच्या बहिणींच्या आवाजाने गायक आणि मंडळी यांचा जुना संवाद तेथे पुन्हा उभा राहिला. जून १९६७ मध्ये ते गीत अग्रस्थानी पोहोचले. समान हक्कांसाठी झगडणाऱ्या कृष्णवर्णीयांनी आणि स्त्रियांनी ते आपले मानले. त्याच महिन्यात माँटेरे येथील महोत्सवात रेडिंगने, एका मुलीने आपले गीत पळविले, असे हसतहसत श्रोत्यांस सांगितले. त्याच वर्षी १० डिसेंबरला विमान-अपघातात त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे २६ होते.

आता हिशेब पाहा. अमेरिकेत नभोवाणी केंद्राने ध्वनिमुद्रिका वाजविली की गीतकारास आणि प्रकाशकास मोबदला मिळतो. गायकास तो देण्याचे बंधन नाही. इंटरनेट आणि उपग्रहावरील प्रक्षेपणासाठी १९९५ च्या कायद्याने निराळी तरतूद केली. परंतु साध्या नभोवाणीस ती लागू नाही. तेव्हा ॲरिथाचे ‘रिस्पेक्ट’ केंद्रांवर असंख्य वेळा वाजले, तरी त्याचा मोबदला लेखकाच्या बाजूस गेला. १६ ऑगस्ट २०१८ रोजी ती निवर्तली, तोवर स्थिती तीच होती. लेखकाचा हक्क न्याय्यच आहे. परंतु ज्या स्त्रीने सन्मानाचे गीत जगास शिकविले, तिच्या श्रमास त्याच गीतात वाटा नसावा, हे मनाला खटकते.

जानेवारी १९७२ मध्ये ॲरिथाने लॉस एंजेलिस येथील एका बाप्तिस्त चर्चमध्ये दोन रात्री भक्तिगीते गाऊन ‘अमेझिंग ग्रेस’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत कॅरोल किंगचे मैत्रीवरील लोकप्रिय गीत तिने थॉमस डॉर्सीच्या प्रार्थनागीताशी जोडले. डॉर्सीने ते प्रार्थनागीत १९३२ साली, पत्नी आणि नवजात बालक यांच्या मृत्यूनंतर, दुःखाच्या भरात रचिले होते. या जोडणीने लौकिक गीतातील मित्र हा तारणारा प्रभूच झाला. जो सूर देवमंदिरातून बाजारात गेला होता, तो बाजाराचे गीत हाती धरून परत आला.

उसन्या गीताचे सोने करणारे हे कलावंत दुसऱ्याच्या शेतात चोरून कापणी करीत नव्हते. त्यांनी तेथे स्वतःचा घाम गाळला होता. चोरी आणि नवनिर्मिती यांतील अंतर हेच. म्हणून आपल्या घरी एखादे आवडते गीत लागले, तर ते कोणी लिहिले, प्रथम कोणी गाइले आणि त्यात कोणाचे काबाडकष्ट आहेत, एवढे मुलांना जरूर सांगावे. ज्याचे त्यास देणे हाही सन्मानच होय.