शुगर निघाल्यावर

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी करायची, असं सरकारी आरोग्य कार्यक्रमाचं धोरण आहे. त्यासाठी आशाताई घरोघरी जाऊन एक अर्ज भरतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यात अंगमेहनत किती, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का. कमरेचा घेर टेपने मोजतात. बायकांचा ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषांचा ९० च्या पुढे गेला की गुण वाढतात, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. अर्ज चांगला आहे. पण बोटाला सुई टोचून आकडा आला, की त्या माणसाच्या मनात काय सुरू होतं, हे विचारणारा रकाना त्यात नाही. पुढची वीस वर्षं गोळी पोटात जाणार की फळीवर पडून राहणार, हे मात्र बरंचसं तिथेच ठरतं.

कडा हे आष्टी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. नगरहून जामखेडकडे जाताना धानोऱ्याच्या पुढे आणि आष्टीच्या अलीकडे ते लागतं. जिल्हा बीड, पण मोठ्या दवाखान्यासाठी नगर जवळ. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्यालाही स्टेशन मिळालं. कांद्याचा व्यापार, दुधाचा धंदा, बाजरी-ज्वारीची कोरडवाहू शेती, आणि तालुक्यातल्या अनेक गावांतून हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या. अशा भागात मधुमेहाबद्दल जे बोललं जातं, ते अडाणीपणा म्हणून बाजूला सारण्याची सवय शिकलेल्यांना आहे. मला ती सवय चुकीची वाटते. या बोलण्यात निरीक्षण असतं, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. गफलत होते ती कशामुळे काय झालं, हे जोडताना.

सगळ्यात पक्कं वाक्य घ्या. ‘इन्सुलिन चालू झालं की माणूस संपला.’ हे कुणी पुस्तकात वाचलेलं नाही. चुलत्याला इन्सुलिन सुरू झालं, वर्षभरात पाय कापावा लागला, पुढच्या वर्षी ते गेले, असं घराघरात पाहिलेलं आहे. पाहिलेलं खोटं नाही. फक्त चुलत्यांना इन्सुलिन सुरू झालं ते दहा-पंधरा वर्षं साखर वाढलेली राहून, पायाच्या नसा बधिर होऊन, जखम चिघळल्यावर. इन्सुलिन शेवटी आलं, म्हणून शेवट इन्सुलिनने आणला असं दिसलं. वेळेवर सुरू झालेलं इन्सुलिन घेऊन अनेक वर्षं नीट जगणारी माणसंही असतात, पण ती आपल्या सुईबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. त्यामुळे गावाच्या हिशेबात एकच बाजू जमा होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी त्याच्यासारख्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. जे इन्सुलिन कड्यात शेवट मानलं जातं, ते स्वादुपिंड रोज तयार करतं तेच संप्रेरक आहे.

‘गोळ्यांनी किडनी जाते’ याचंही तसंच. मधुमेहात सर्वात जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिनची. ती किडनीला इजा करत नाही, पण शरीरातून बाहेर पडते ती किडनीवाटे. म्हणून किडनीचं काम फारच मंदावलं की डॉक्टर ती कमी करतात किंवा थांबवतात. घरच्यांना काय दिसतं? आई गोळी खात होती, किडनी बिघडली, आणि खुद्द डॉक्टरांनीच गोळी बंद केली. मग दोष कुणावर जाणार? किडनी खराब केली ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि बहुतेकदा सोबतच्या रक्तदाबाने. वाईट याचं वाटतं, की दिवसभर वाकून काम करणारी माणसं अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून बिनधास्त खातात. मधुमेह्याच्या किडनीला खरा धोका या वेदनाशामक गोळ्यांचा आहे. संशय एकीवर, आणि इजा दुसरीच करते.

आता तो प्रश्न, ज्यात सगळ्यात जास्त विज्ञान दडलेलं आहे. ‘मी एवढा बारीक, रानात राबणारा. मला कशी काय शुगर?’ शुगर म्हणजे खात्यापित्या घरातला, पोट सुटलेल्यांचा आजार, अशी समजूत आहे आणि ती डॉक्टरी पुस्तकांतूनच आलेली आहे. त्या पुस्तकांतलं शरीर युरोप-अमेरिकेतलं होतं. आपल्या शरीराचा वेगळा हिशेब जगापुढे मांडला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखाच, आतला माल वेगळा.

याचं मूळ याज्ञिकांच्या गटाने थेट जन्मापर्यंत नेलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा हा फरक सगळ्या अवयवांत सारखा विभागलेला नव्हता. गावातल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू ही जेवणातून आलेली साखर सामावून घेणारी शरीरातली सर्वात मोठी जागा. ती लहान, चरबी जास्त, आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडही तुटपुंज्या पोषणावर घडलेलं. अशा शरीराची साखर बिघडायला पोट सुटावं लागत नाही. तरुणपणातली थोडीशी वजनवाढही पुरते.

पोटातल्या बाळाची उपासमार पन्नाशीत दिसते, याचा एक पुरावा नेदरलँड्समध्ये आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथे दुष्काळ पडला. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांची साधारण पन्नासाव्या वर्षी तपासणी केली, तेव्हा ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी त्यांच्या रक्तात इतरांपेक्षा जास्त साखर आढळली. हा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना बीड जिल्ह्यातल्या माणसाला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. खडी फोडायला गेलेल्या आया, सुकडी, मिलो. त्या वर्षी ज्या आया पोटुशी होत्या, त्यांची लेकरं आज पन्नाशी ओलांडून तपासणीच्या रांगेत उभी आहेत. ‘नशिबात होतं’ असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं, तर मी त्याला अंधश्रद्धा म्हणणार नाही. जन्माआधीच्या ज्या गोष्टींवर आपला काहीच ताबा नव्हता, त्यांना माणसं नशीबच म्हणत आली आहेत. विज्ञान तिथे एवढीच भर घालतं, की पुढचं सगळं ठरलेलं नाही. ‘बॉर्डरवर’ असलेल्या, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेल्या, भारतीयांचाच एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार बदलल्याने त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं होतं. देशात असे बॉर्डरवरचे लोक १३.६ कोटी आणि प्रत्यक्ष मधुमेही १०.१ कोटी आहेत, असा आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. बॉर्डरवर आहे म्हणजे सुटलो, असं समजणारे पुष्कळ. खरं तर सगळ्यात जास्त हातात असलेली वेळ हीच.

बायका बहुतेकदा कारण सांगतात ते टेन्शन. पोरीचं लग्न, नवऱ्याची दारू, सोसायटीचं कर्ज, पडलेला कांद्याचा भाव. ‘त्याच्या टेन्शनमधी शुगर निघली.’ लेस्ली जो वीव्हर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या मधुमेही बायकांचा अभ्यास केला, त्यांनाही हेच ऐकू आलं. त्यांच्या २०१८ च्या पुस्तकाचं नावच ‘शुगर अँड टेन्शन’ आहे. मेक्सिकोतली माणसं म्हणतात, जबर धसका बसला की मधुमेह होतो. इतक्या दूरदूरची माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती नीट ऐकली पाहिजे. मन तणावात असलं की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. शिवाय मन खचलेला माणूस चालत नाही, झोपत नाही, गोळी विसरतो. टेन्शन एकट्याने मधुमेह आणत नसेल, पण आलेला मधुमेह बिघडवतं हे पक्कं. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगून त्या बाईला वाटेला लावणारा डॉक्टर तिचं अर्धं दुखणं तपासतच नाही. दाखवायला आलेल्या बाईला घरात स्वतःपुरतं वेगळं शिजवता येतं का, सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भातावरच तिचं जेवण होतं का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

गोडाबद्दल थोडक्यात सांगते. चहातली साखर बंद करून गूळ टाकला तर फरक पडत नाही, कारण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. बाजरीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर चार भाकरींचा स्टार्च शेवटी ग्लुकोजच होतो. कारल्याचा रस प्यायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर गोळी सोडायला आहे.

‘मला त्रास काहीच नाही’ हे वाक्य मात्र सोपं नाही. ते खरंच असतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि तोवर जास्त तहान, जास्त लघवी ही लक्षणं दिसत नाहीत. निदान मात्र उपाशीपोटी १२६ ला होतं. मधलं सगळं अंतर न दुखणारं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की निदानाच्या दिवशीच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद साधारण निम्मी उरलेली असते. म्हणजे माणूस ‘आज शुगर निघाली’ म्हणतो, तेव्हा ती कित्येक वर्षं मुक्कामाला असते. त्याच अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवलं, की निदानापासून साखर कडक ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होतात. अभ्यास संपल्यावर कडक आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी आधी जपलेल्यांचा फायदा पुढची दहा वर्षं टिकला. सुरुवातीची वर्षं म्हणून मोलाची. आणि नेमकी तीच बिनत्रासाची असल्यामुळे वाया जातात.

आपल्याकडे आजार म्हणजे ताप. पाच दिवसांचा कोर्स, बरा झाला, गोळ्या बंद. शुगर १२० आली की हाच हिशेब लावला जातो. तपासणीआधी दोन दिवस जपून खाल्लं तरी उपाशीपोटीचा आकडा खाली येतो. एचबीएवनसी या तपासणीला असं फसवता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर चिकटते, त्यावरून तीन महिन्यांची सरासरी कळते. कड्याच्या दूध उत्पादकाला हा फरक लगेच उमजेल: एका सकाळचं फॅट वेगळं आणि दहा दिवसांचं बिल वेगळं. (अंगात रक्त फार कमी असेल तर हा आकडा चुकतो. आपल्या भागातल्या बायकांबाबत डॉक्टरांनी हे लक्षात ठेवायला हवं.)

गोळी कायमची सुटते का? लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच जेवण्याचा, मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार मराठवाड्यात घरोघरी पोचवला. त्यातून ही आशा खूप जणांना मिळाली. तिला आधार आहे. २०१७ च्या एका ब्रिटिश चाचणीत वजन उतरवण्याच्या कडक कार्यक्रमात घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेरी गोळ्यांशिवाय ताब्यात होती. पण ती माणसं लठ्ठ होती आणि त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. काडीसारख्या, जुन्या मधुमेह्याला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने जेवण तोडलं, तर साखर धोकादायक खाली जाते.

आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९७८ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक निबंध लिहिला. रोग्याला विचारायचे काही साधे प्रश्न त्यात होते: तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं? आताच का झालं? याची सर्वात जास्त भीती कशाची वाटते? आष्टी तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टराने शुगरचा आकडा सांगितल्यावर यातला एक तरी प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. समोरचा चुलत्याच्या पायाबद्दल बोलू लागला, तर पुढचं कसं समजवायचं ते आपोआप कळेल.

आणि ऊसतोडीला निघणाऱ्यांना एक सांगणं. सहा महिने घर सुटतं तेव्हा गोळीही सुटते. टोळी निघण्याआधी डोळे आणि पाय तपासून घ्या, हंगामभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद सोबत बांधा. फडात अनवाणी राहू नका. नसा बधिर झालेल्या पायात काटा गेला किंवा कोयता लागला तरी दुखत नाही, म्हणून रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात स्वतः पाहा, नाहीतर घरच्यांना पाहायला सांगा. जखम दिसली तर ती न दुखणारी असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.