देवाचं भय आणि लेथ मशीन

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, बायबलमधली एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते : शहाणपणाची सुरुवात देवाच्या भयातून होते. नीतिसूत्रांत हे येतं, स्तोत्रांत येतं, ईयोबाच्या पुस्तकातही येतं. शाळेत आम्हाला वाटायचं, ही सिस्टरांची शिस्त लावायची युक्ती! कारण भीती वाटली की माणसाचं डोकं बंद पडतं. ओरल्सला एक्स्टर्नलसमोर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरा घोटाळा शब्दात आहे. मूळ हिब्रू शब्द 'यिरा'. शत्रूला पाहून थरकाप होणं आणि मोठेपणापुढे आपोआप मान झुकणं, दोन्हीला हाच शब्द. मराठी बायबलमध्ये 'भय' म्हटलंय. मला विचाराल तर आपला 'धाक' जास्त जवळचा. आजोबांनी आयुष्यात कधी हात उगारलेला नसतो, तरी ते खोलीत आले की आपण सरळ बसतो ना, तसं काहीतरी.

वर्कशॉपमध्ये बघा. लेथला घाबरणारा लांबच उभा राहतो, त्याला जॉब येत नाही. लेथची काहीच पत्रास न ठेवणारा सैल बाह्या घालून येतो, चकमध्ये चावी तशीच ठेवून मशीन चालू करतो. शिकतो तो तिसराच, मशीनची ताकद ओळखून हात घालणारा. (आमच्या वर्कशॉपचे मामा हे एका नजरेत ओळखतात.)

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी भीतीचे प्रकार पाडले, त्यातले दोन इथे महत्त्वाचे. एक गुलामाची भीती, म्हणजे शिक्षेची. दुसरी लेकराची, म्हणजे बापाचं मन दुखावेल, आपण त्याच्यापासून तुटू, याची. पहिली माणसाला फार तर शहाणपणाच्या दारापर्यंत आणते, आत नेते ती दुसरी. योहानाच्या पत्रात म्हटलंय की पूर्ण प्रीती भीतीला हाकलून देते. मग विरोध आला का? थॉमस यांचा फरक लक्षात घेतला तर नाही. हाकलली जाते ती गुलामाची भीती. प्रेम वाढलं की दुसरी उलट वाढतेच.

आता 'शहाणपण' म्हणजे तरी काय? हिब्रूतला 'होख्मा' हा शब्द नुसता पोथीतल्या ज्ञानाचा नाही. निर्गमच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर येतो. सोनं, चांदी, पितळ घडवणं, रत्नं पाडणं, लाकूड कोरणं ही त्याची कामं, आणि त्या हातातल्या कसबालाही होख्माच म्हटलंय. म्हणजे आपली वर्कशॉप प्रॅक्टिकल्स यात बसतात की!

आणि ईयोबाचा 28वा अध्याय तर खास इंजिनिअरांनी वाचावा असा. त्यात चक्क खाणकाम आहे! माणूस जमिनीतून लोखंड काढतो, दगड वितळवून तांबं मिळवतो, अंधारात खोल खाणी खणतो, दोराला लोंबकळतो, डोंगर मुळापासून उलथतो, खडकात पाट कोरतो, पाण्याचे झरे अडवतो. माणसाच्या हुशारीचं इतकं मनापासून कौतुक, आणि मग प्रश्न येतो, या सगळ्यात शहाणपण कुठे सापडतं? समुद्र म्हणतो माझ्याकडे नाही. ओफीरचं सोनं ओतलं तरी विकत मिळत नाही. उत्तर शेवटच्या ओळीत येतं : देवाचं भय हेच शहाणपण, आणि वाइटापासून दूर राहणं ही समज.

ही दुसरी अर्धी ओळ आपल्याकडे हमखास सुटते. सर लॅबमध्ये नसताना अपेक्षित उत्तर येईल असं रीडिंग 'बसवायचं' की मीटरनं दाखवलं तेच लिहायचं, हा प्रश्न याच ओळीतला आहे. शिक्षेची भीती सरांबरोबरच दाराबाहेर जाते. मीटरनं दाखवलेल्या खऱ्याचा धाक असेल, तर तो मागे राहतो. आस्तिक नसलेल्या माणसालाही एवढं पटावं.

केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅब 1874 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथले प्राध्यापक होते आपले मॅक्सवेल (हो, तीच चार समीकरणं). लॅबच्या दारावर 111व्या स्तोत्रातलं दुसरं वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. देवाची कृत्यं थोर आहेत आणि ज्यांना त्यात आनंद वाटतो ते त्यांचा शोध घेतात, असा त्याचा भावार्थ. याच इमारतीत 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला. 1970च्या दशकात लॅब दुसरीकडे हलली, तिथेही तेच वचन लावलं, फक्त इंग्रजीत. भयाचं वाक्य त्याच स्तोत्रात, दहाव्या वचनात आहे.