संकरित सौरघटातील पुंजबिंदू

'हायब्रीड' म्हटले की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास ज्वारी आठवते. १९६४ साली प्रसारित झालेल्या 'सीएसएच-१' या वाणापासून हा शब्द विदर्भाच्या बोलीत मुरला आहे. संकरित सौरघटात मात्र संकर असा काही घडत नाही. सेंद्रिय बहुवारिक आणि असेंद्रिय अर्धसंवाहक ही दोन द्रव्ये एकमेकांस भिडवून ठेवलेली असतात, आणि दोन्ही आपापला स्वभाव राखून असतात. भाषेच्या अभ्यासकाने पदार्थविज्ञानात का शिरावे, असे कोणी विचारील. पण या घटाची खरी अडचण त्या भिडण्याच्या जागीच आहे, आणि ती नावामुळे झाकली जाते.

टायटॅनियम डायऑक्साइडचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणून ते केवळ अतिनील किरण शोषते. दृश्य प्रकाश त्यास जवळजवळ निरुपयोगी. ही उणीव पुंजबिंदू भरून काढतात. ('पुंज' येथे 'क्वांटम' या अर्थी आहे, ढीग या अर्थी नव्हे.) कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकाचे अंतर १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. तोच स्फटिक काही नॅनोमीटरांइतका लहान केला की आतील इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि अंतर वाढते. द्रव्य न बदलता, निव्वळ आकारमान बदलून, कोणता प्रकाश शोषावयाचा हे ठरविता येते. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकिमोव्ह, ब्रूस व बावेंडी यांना मिळाले ते याच विषयासाठी.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक स्नानपद्धतीने असे पातळ थर बसविण्याचे काम दीर्घकाळ केले. तिच्याच जातीच्या एका पद्धतीत काच प्रथम कॅडमियम क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, धुवावयाची, मग सल्फाइडच्या द्रावणात बुडवावयाची व पुन्हा धुवावयाची. निर्वात यंत्र लागत नाही; आपल्याकडील साध्या प्रयोगशाळेतही हे साधेल.

बुडव्या वाढविल्या की थर गडद होतो, शोषणाचा आलेख उंचावतो, आणि विद्यार्थी समाधानाने तेथेच थांबतो. परंतु शोषण म्हणजे वीज नव्हे. इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडकडे आणि 'होल' बहुवारिकाकडे गेला पाहिजे. बिंदू एकमेकांस चिकटून छिद्रे बुजली की बहुवारिक आत शिरत नाही, आणि दोन्ही प्रभार सीमेवरच पुन्हा एकत्र येऊन नष्ट होतात. म्हणून शोषणाच्या आलेखाशेजारी प्रवाहाचा आलेख असल्याखेरीज कोणताही निष्कर्ष मान्य करू नये. आणखी एक: कॅडमियम विषारी आहे; धुण्याचे पाणी मोरीत न ओतता निराळे साठवावे.