फुकट सॉफ्टवेअर आणि ऐकीव शिफारस

परदेशात दहा-वीस वर्षे काढली की प्रत्येक मराठी घरात शिफारशींचा एक साठा तयार होतो. तूरडाळ कोणत्या दुकानात चांगली मिळते, कोणता दंतवैद्य नवे रुग्ण घेतो, घर घेताना सॉलिसिटर कोणता करावा, आईवडिलांच्या प्रवासाचा विमा कुठे काढावा. हा साठा आपण सढळ हाताने वाटतो, आणि तो वाटावाच. आपण नवखे होतो तेव्हा कोणीतरी तो आपल्याला असाच वाटला होता, म्हणून तर इथे बस्तान बसले. गेल्या तीसेक वर्षांत या साठ्यात आणखी एका जिनसाची भर पडली आहे, ती म्हणजे फुकट सॉफ्टवेअर. संगणक मंदावला, फोटो गोळा करायचे आहेत, मराठीत पत्र लिहायचे आहे, चार पीडीएफ एकत्र जोडायच्या आहेत, असे कोणी म्हणायचा अवकाश. चार जण चार नावे सांगतात. आणि त्या चारांपैकी एकाच्या तोंडी हमखास एक वाक्य असते: "मी स्वतः वापरलेले नाही, पण छान आहे म्हणतात."

माझा हा लेख या एका वाक्याविषयी आहे.

वाक्याचा पूर्वार्ध प्रामाणिक आहे आणि उत्तरार्ध उदार आहे, मग बिघडले कुठे? बिघडते ते पुढच्या प्रवासात. ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगतो, "अमक्याने एक चांगले सॉफ्टवेअर सुचवले आहे." बायको तिच्या भावाला पुण्याला कळवते, "तिकडे सगळे हेच वापरतात." तीन तोंडे फिरेपर्यंत 'मी वापरलेले नाही' हे शब्द गळून पडलेले असतात आणि 'छान आहे' तेवढे धडधाकट राहते. त्यातून पहिले बोलणारा माझ्यासारखा सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा असेल तर विचारायलाच नको. "तो त्यातलाच आहे, त्याला विचारले," एवढ्यावर मुद्रा उमटते. वास्तविक पुलाचे गणित करणाऱ्या इंजिनिअरला घराचा गळका नळ दुरुस्त करता येतोच असे नाही, आणि बँकेच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला घरगुती संगणकावरच्या प्रत्येक चिमुकल्या प्रोग्रॅमची खबर असते असेही नाही.

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक! शब्दाचा हा प्रवास कसा झाला ते भाषापंडितांनी सांगावे, पण आपल्या वागण्याचे वर्णन त्यात नेमके आले आहे. सांगणारा आपला आहे एवढ्यावर आपण त्याचे म्हणणे प्रमाण मानतो. त्याला ते ठाऊक कसे झाले हे विचारणे म्हणजे जवळजवळ अपमान. तूरडाळीच्या बाबतीत हे खपून जाते. डाळ शिजली नाही तर एक पिशवी वाया गेली, संपले. सॉफ्टवेअर घरात घेणे म्हणजे अनोळखी माणसाला घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देणे आहे. पासपोर्टच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे फोटो, भारतातल्या जमिनीची कागदपत्रे, सगळे त्याच घरात असते.

याच देशातले एक उदाहरण पाहू. सीक्लीनर हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकले असेल. पिरिफॉर्म या लंडनच्या कंपनीने काढलेले हे सॉफ्टवेअर विंडोजमधला साठलेला केरकचरा झाडून काढी. घरगुती वापरासाठी फुकट, आकाराने लहान, वापरायला सोपे. "संगणक हळू चालतो" या तक्रारीवर कित्येक वर्षे ठरलेले उत्तर म्हणजे सीक्लीनर. ज्यांनी ते सुचवले त्यांतल्या पुष्कळांनी ते स्वतः वापरलेलेही होते. जुलै २०१७ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने पिरिफॉर्म विकत घेतली, म्हणजे विश्वास ठेवायला आणखी एक कारण मिळाले.

प्रत्यक्षात त्याआधीच, मार्चमध्ये, चोर पिरिफॉर्मच्या जाळ्यात शिरलेले होते. १५ ऑगस्ट २०१७ ला सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती निघाली, तिच्या ३२-बिट प्रोग्रॅममध्ये त्यांनी आपला प्रोग्रॅम दडवला होता. हे कुठल्या भुरट्या संकेतस्थळावर नव्हे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, कंपनीच्या खऱ्याखुऱ्या डिजिटल सहीनिशी. १२ सप्टेंबरला स्वच्छ आवृत्ती आली आणि १८ सप्टेंबरला बातमी जाहीर झाली. मधल्या महिनाभरात सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर तो दूषित प्रोग्रॅम पोचला होता. त्या संगणकाचे नाव, त्यावर काय काय बसवले आहे, काय चालू आहे याची यादी तो गुपचूप बाहेर पाठवी. चोरांना खरा रस होता मोठ्या तंत्रज्ञान आणि दूरसंचार कंपन्यांमध्ये. पुढचा, जास्त घातक हप्ता त्यांनी त्यांतल्या जेमतेम चाळीस संगणकांना पाठवला. घरगुती वापरणारे बहुतांशी बचावले ते चोरांना त्यांच्यात रस नव्हता म्हणून.

इथे वाचक म्हणतील, मग शिफारस करणाऱ्याचा काय दोष? त्याने तर वापरून पाहिले होते. दोष नाहीच. पण दोन गोष्टी यातून दिसतात. पहिली अशी की 'वापरून पाहिले' याला तारीख असते. २०१५ मध्ये वापरून पाहिलेले सॉफ्टवेअर आणि ऑगस्ट २०१७ मधले सॉफ्टवेअर यांचे नाव एक, चित्र एक, पण वस्तू निराळी. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १८ सप्टेंबरनंतर, ज्यांनी ज्यांनी हे सॉफ्टवेअर आप्तेष्टांना सुचवले होते त्यांतल्या किती जणांनी उलट फोन करून "अरे, ती आवृत्ती काढून टाक" असे कळवले असेल? शिफारस करताना आपल्याला दहा माणसे आठवतात, मागे घेताना एकही आठवत नाही. ज्याला सुचवले त्याला पुढे काही बरेवाईट कळले तर सांगणे हा शिफारशीचाच भाग आहे असे मी मानतो, आणि ते जमणार नसेल तर सुचवताना हात आखडता घेतलेला बरा.

ऐकीव माहितीवर चालण्याचे दुष्परिणाम इंटरनेट घराघरांत येण्यापूर्वीच या देशाने पाहिले होते. डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्का टपालाने रवाना झाल्या. वर लेबल एड्सच्या माहितीचे. एका संगणकविषयक नियतकालिकाच्या वर्गणीदारांची यादी त्यासाठी वापरली होती. आत प्रश्नावली होती, तीही खरोखर चालणारी. पण सुमारे नव्वद वेळा संगणक चालू केला की हा प्रोग्रॅम फाइलींची नावे उलटसुलट करून टाकी आणि पनामातल्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा अशी मागणी पडद्यावर येई. गंमत म्हणजे सोबतच्या कागदावर बारीक टायपात शर्ती छापलेल्या होत्या. बारीक टाइप तेव्हाही कोणी वाचत नसे.

या प्रकरणाची सांगण्यासारखी बाजू पुढची आहे. फाइलींची फक्त नावे बिघडली होती, आतला मजकूर शाबूत होता. जिम बेट्स या इंग्रज तज्ज्ञाने डिस्कची चिरफाड करून ती कसे काम करते याचा वृत्तांत जानेवारी १९९० च्या 'व्हायरस बुलेटिन'मध्ये छापला आणि उतारा म्हणून प्रोग्रॅमही तयार केले. दरम्यान काही लोकांनी घाबरून, कोणीतरी सांगितले म्हणून, आपली अख्खी हार्ड डिस्क पुसून टाकली होती. रोगाने गेले नसते ते औषधाने गेले. बेट्स यांच्या उताऱ्यामागे नाव होते, तपासणी होती आणि तपासणीचा लेखी वृत्तांत होता. "सगळे पुसून टाका" यामागे काय होते? सांगोवांगी.

२००२ साली याचीच घरगुती आवृत्ती आली. तुमच्या विंडोजमध्ये टेडी अस्वलाच्या चित्राची एक फाइल लपली आहे, ती व्हायरस आहे, अँटिव्हायरसला ती सापडत नाही, ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा. शोधल्यावर फाइल सापडेच, कारण ती मायक्रोसॉफ्टनेच दिलेली होती, जावा प्रोग्रॅम तपासण्यासाठी. बहुतेकांचे काही बिघडले नाही. पण कित्येक शहाण्यासुरत्या माणसांनी स्वतःच्या हाताने चांगली फाइल पुसली आणि वर आपल्या माणसांना पुसायला लावली, तीही त्यांच्याविषयीच्या काळजीपोटी.

आता आपल्या मराठीच्या अंगणात येऊ, कारण इथे चोर-दरोडेखोर कोणी नसतानाही अर्धवट शिफारशीने जे नुकसान केले त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. १९९० च्या दशकात देवनागरीचे फुकट फाँट हातोहात फिरत. "हा फाँट टाक, झकास दिसतो." दिसेही झकास. पण त्या फाँटांची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच राही, फक्त त्याचे चित्र देवनागरी असे. प्रत्येक फाँटवाल्याची योजना वेगळी. त्यामुळे एकाने 'शिवाजी'त लिहिलेला लेख दुसऱ्याकडे 'कृतिदेव' असला तर भलताच उमटे, आणि फाँटच नसला तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. मंडळांच्या स्मरणिका काढणाऱ्यांनी या खिचडीपायी रात्री जागवल्या आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकावर वापरता येऊ लागली. तरी जुन्या शिफारशी पुढे अनेक वर्षे फिरतच राहिल्या. सुचवणाऱ्याने फाँट स्वतःच्या पडद्यावर पाहिला होता. दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडते का, दहा वर्षांनी उघडेल का, हे पाहिले नव्हते. आज कित्येक घरांत आजोबांच्या आठवणी, कोणाची एकांकिका अशा फाइलींत बंद आहेत आणि त्या उघडायला कोणता फाँट लागतो हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

अलीकडचे उदाहरण गूगलच्या मराठी टायपिंगचे. विंडोजवर बसवण्याचे ते वेगळे साधन देणे गूगलने काही वर्षांपूर्वी बंद केले. शिफारस मात्र चालूच आहे, आणि नाव ऐकून शोधायला निघालेला माणूस अखेर कोणत्या तरी तिऱ्हाइताच्या संकेतस्थळावर पोचतो. ओपनऑफिसचेही तसेच. त्यातून २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळे झाले आणि काम करणारे बहुतेक लोक तिकडे गेले. ओपनऑफिसमध्ये २०१४ नंतर किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे विशेष काही झालेले नाही. तरी "वर्डऐवजी ओपनऑफिस घे" हे वाक्य अजून ऐकू येते.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत आणि त्यावर गेली चाळीस वर्षे तिकडे वाद चालला आहे. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. लिब्रेऑफिस मुक्त आहे, त्याचा मूळ मजकूर कोणीही तपासावा, दुसऱ्याला द्यावा, ऑफिसात वापरावा. इतर पुष्कळ सॉफ्टवेअर केवळ फुकट असते, आणि तेही अनेकदा घरगुती वापरापुरतेच. तेच एखाद्याने आपल्या दुकानात किंवा दवाखान्यात बसवले तर तो परवान्याचा भंग ठरतो, आणि पत्र येते ते सुचवणाऱ्याला नव्हे. पण आपण मराठी बोलतानाही 'फ्री' म्हणतो आणि नसलेला घोटाळा आयात करतो! पीडीएफ जोडून देणारी फुकट संकेतस्थळे यांतल्या कशातच बसत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर आपल्याकडे येत नाही, आपली कागदपत्रे त्यांच्याकडे जातात. व्हिसाच्या अर्जाची कागदपत्रे किंवा मंडळाच्या सभासदांची यादी तिथे चढवायला सांगण्यापूर्वी दहादा विचार करावा. सभासदांच्या माहितीची जबाबदारी २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने मंडळावरच आहे.

मग सुचवूच नये का? सुचवावे, पण माहिती कुठून आली तेही त्याच वाक्यात सांगावे. वापरले असेल तर किती दिवस, कोणत्या संगणकावर, कुठून उतरवून घेतले, शेवटचे केव्हा चालवले. वापरले नसेल तर शिफारस करण्याऐवजी प्रश्न विचारावा: "याचे नाव ऐकले आहे, कोणी वापरले आहे का?" प्रश्नाची पुढे शिफारस होणे कठीण असते. आणि पैशाचे, औषधपाण्याचे, पासवर्डचे काही असेल तर न वापरलेल्या गोष्टीचे नावच काढू नये, विशेषतः वडीलधाऱ्यांपुढे. ते आपल्यावर विश्वास टाकून डोळे मिटून बसवतात. ज्याने सल्ला घेतला त्यानेही चालले की नाही ते परत येऊन सांगावे. आमच्या व्यवसायात चाचणीच्या निकालाशिवाय कोणी पुढचे पाऊल टाकत नाही. घरगुती सल्ल्यात मात्र निकाल कधी कळतच नाही.

बोलतो तसे करून दाखवावे म्हणून विंडोजवर मराठी लिहिण्याविषयी माझे सांगणे असे. काही उतरवून घेण्याची गरज नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. मी तो गेली अनेक वर्षे इथल्या साध्या ब्रिटिश कीबोर्डवर वापरतो. शिकायला आठ-पंधरा दिवस जातात. कोणताही कळफलक तपासताना 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द लिहून पाहावेत. पुष्कळ साधने हिंदीवाल्यांना समोर ठेवून केलेली असतात आणि दुसऱ्या शब्दाशी अडतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'जे' दाबले की तो 'ऱ' मिळतो, आणि शिफ्ट दाबून 'एन' दाबले की 'ळ'. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही त्यात आहे, पण तो मी वापरलेला नाही. मॅकवर काय होते तेही मी पाहिलेले नाही. कोणी पाहिले असेल तर संपादकांना दोन ओळी लिहून कळवावे.