सूलगित्ती अज्जी आणि डॉक्टर भाची

परवा माझी भाची सोलापूरहून आली. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हातपाय धुऊन चहा घेते न घेते तोच म्हणाली, "मावशी, तुमच्या मैंदर्गीत एक जुनी सुईण आहे ना? मला तिच्याशी बोलायचंय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण त्या बाईशी मी गेली पंधरा वर्षं धड बोललेली नव्हते.

ते का, ते पुढे सांगते. आधी भाचीचं खूळ सांगते. तिच्या कॉलेजातली दहा-बारा पोरंपोरी महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या कोपऱ्यात जमतात. दर वेळी एकानं वैद्यकीच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायची, म्हणजे एखादा रोग कसा कळला, एखादं औषध कुणी शोधलं, कुणाचं काय चुकलं. मग वाद, मग चहा. परीक्षेत यातलं काही येत नाही. माझी बहीण वैतागून म्हणते, "याला मार्क कोण देणार?" आईचा जीव, ती असंच म्हणणार.

पण ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हे नावाजलेलं हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं, आणि दुसऱ्याच वर्षी, १८९० मध्ये, तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी असंच एक इतिहास मंडळ काढलं. ऑस्लर, वेल्च, केली अशी मंडळी. दिवसभर रोगी तपासायचे आणि संध्याकाळी जुन्या वैद्यांबद्दल बोलत बसायचं. भाचीनं सांगितलेली एक गोष्ट मला त्याहून आवडली. हॉस्पिटल झालं, पण मेडिकल कॉलेजला पैसा पुरेना. तेव्हा तिथल्या बायकांनी वर्गणी गोळा केली आणि अट घातली, की मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश द्याल तरच पैसे मिळतील. कमी पडलेली मोठी रक्कम मेरी गॅरेट नावाच्या बाईंनी घातली आणि १८९३ मध्ये कॉलेज उघडलं ते मुलींना घेऊनच. आमच्या बचत गटातल्या बायकांना हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "बघा, पैसा आपल्या हातात असला की कसं असतं!"

आणि आपली आनंदीबाई? ती डॉक्टर झाली हे आपण शाळेत शिकलो. पण १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजात पदवीसाठी तिनं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता जुन्या काळातल्या हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. हे मला या वयात, भाचीच्या तोंडून कळलं. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता, तरी! चौदाव्या वर्षी आनंदीबाईला मूल झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. त्याच मुलीनं सातासमुद्रापार बसून आपल्याकडच्या बाळंतपणाचा इतिहास लिहावा, यात किती काय आलं. परत आली ती क्षयानं खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, तेव्हा बाविशीही पुरी झालेली नव्हती. एकाही पेशंटवर तिला इथं नीट उपचार करायला मिळाले नाहीत.

आता माझी गोष्ट. मी माहेरची मंगळवेढ्याची, कानडी बोलायला इथं सासरी येऊन शिकले. सुईणीला आमच्याकडे सूलगित्ती म्हणतात. आमच्या गल्लीतल्या सूलगित्ती अज्जीनं निम्म्या गावाची बाळंतपणं केली. माझ्या नवऱ्याचा जन्म तिच्याच हातचा. मी समाजकार्यात पडले तेव्हा जननी सुरक्षा योजना येऊन काही वर्षं झाली होती (ती २००५ ची), आणि बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे असा प्रचार आम्ही घरोघर करत होतो. एका सभेत मी तावातावानं बोलले, "सुईणीच्या हाती बाळंतीण दिली की बाळ दगावतं!" अज्जी पुढेच बसलेली होती. ती उठली, पदर झटकला आणि निघून गेली. सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर रस्त्यात दिसले की अज्जी तोंड फिरवायची.

दवाखान्याचं मी सांगितलं त्यात चूक नव्हती, आजही नाही. अंगावरून रक्त जायला लागलं तर सुईण काय करणार? तिथं रक्ताची पिशवी लागते, डॉक्टर लागतो. पण जे बोलले ते ज्या तऱ्हेनं बोलले, ते मनात टोचत राहिलं होतं.

तर आम्ही गेलो. मला बघून अज्जीनं मान वळवली. पण भाचीला म्हणाली, "बा, कुंदरु." बस म्हणे. भाचीनं तिला आधी एक गोष्ट सांगितली आणि मी ती कानडीत केली. व्हिएन्ना नावाच्या शहरात एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. अज्जी, जास्त बाया कुठल्या वॉर्डात मरत असतील?

अज्जी काहीच बोलली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं मात्र.

डॉक्टरांच्या वॉर्डात! कारण ते मुडदे फाडून तशाच हातांनी बाळंतिणीकडे यायचे. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या ते ध्यानात आलं. १८४७ साली त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा बाया जात होत्या, तो आकडा उन्हाळ्यात दोनपर्यंत आला. तरी मोठ्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं. आपले हात घाण आहेत असं कोण कबूल करणार? शेवटी १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळातच मेला. त्याच वर्षी आपली आनंदीबाई जन्मली होती.

हे मी कानडीत सांगत होते आणि माझा मलाच आवाज ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं अज्जी बोलायला लागली. सरकारी दाईचं शिक्षण घ्यायला ती गेली होती. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, बांधायचा दोरा स्वच्छ, नाळेला काही लावायचं नाही, हे पाच नियम तिनं बोटांवर मोजून दाखवले. त्याआधी? त्याआधी घरात जो विळा असेल त्यानं नाळ कापायची आणि वर राख लावायची. तिच्या सासूनं तसंच शिकवलं होतं. काही बाळं चांगली दूध पीत असायची आणि सातव्या-आठव्या दिवशी तोंड मिटायची, झटके यायचे, अंग धनुष्यासारखं वळायचं. लोक म्हणायचे सटवी लागली. "किती गेली मोजली नाही," अज्जी म्हणाली. "मोजायची भीती वाटायची. मला कुणी आधी सांगितलं असतं तर?"

भाचीनं तिला सांगितलं, की तो धनुर्वात. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि नाळेच्या जखमेतून आत शिरतात. आईला पोटुशी असताना सुई टोचली की बाळाचंही रक्षण होतं. २०१५ साली भारतातून बाळांचा हा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, ते या सुईमुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे आणि स्वच्छ पात्यामुळेही. अज्जीनं दोनदा विचारून खात्री केली, की आता एकही बाळ तसं जात नाही ना. भाची खरं बोलली. अगदी एकही नाही असं नाही अज्जी, पण फारच क्वचित.

तिकडे कर्नाटकात पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पंधरा हजारांवर बाळंतपणं केली होती त्यांनी, एक पैसा न घेता. तुमकूरच्या विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेटही दिली. हे ऐकून अज्जी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे ती पण डॉक्टरच की!"

निघताना मी तिच्या पाया पडले आणि सभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. कानडीत माफीचं वाक्य मला नीट जुळवता आलं नाही, चुकलंच कुठंतरी. तिनं माझं वाक्य दुरुस्त केलं आणि वर म्हणाली, "दवाखान्याचं तू बरोबर सांगितलंस. माझ्या नातसुनेला मीच पाठवलं."

भाचीची वही भरली. शनिवारी तिनं ती कॉलेजात वाचून दाखवली आणि म्हणे यावेळी चहा बाजूलाच राहिला. डिसेंबरात त्यांचा विषय आहे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते सोलापूरचेच. १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. भय्या चौकातल्या त्यांच्या घरात आता स्मारक आहे. इतकी वर्षं सोलापूरला जाते, बाजार करते, एकदाही आत गेले नाही. यावेळी गटातल्या चौघी येणार आहेत. अज्जीला एसटीचा प्रवास झेपत नाही, पण आल्यावर सगळं सांगायचं असं तिनं बजावलंय, कानडीतच.