गॅस गेला कुठे?

एप्रिल उजाडला की ठाणे-बेलापूर रस्त्यावर भर दुपारी जुन्या पिकअप गाड्यांच्या काचा खाली आलेल्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना एसी असतो आणि तो चालूही असतो. चालकाला विचारलं तर तो सांगतो, ‘एसी चालतो, पण लागत नाही.’

तळवली नाक्यावरून अशा गाड्या दिवसभर जात असतात. रस्त्याच्या एका अंगाला आगरी-कोळ्यांचं जुनं गाव आणि त्याभोवती वाढलेली वस्ती, दुसऱ्या अंगाला टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आणि त्यांच्या पाठीशी पारसिकची डोंगररांग. कारखान्यांची देखभाल करणारे कंत्राटदार, केबल टाकणारे, लिफ्टवाले, पंप दुरुस्त करणारे, अशा सगळ्यांचा संसार बोलेरो कॅम्परसारख्या डबल केबिन पिकअपवर चालतो. पुढे चार-पाच माणसं, मागे हौद्यात शिडी, वायरची भेंडोळी, वेल्डिंगचं मशीन. ही गाडी दहा-बारा वर्षांची झाली तरी इंजिन कुरकुरत नाही. आधी थकतो तो एसी. मग मालक गॅरेजमध्ये येतो आणि म्हणतो, ‘गॅस संपलाय, भरून द्या.’

दुरुस्ती बिघडते ती या वाक्यापासून. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो, केबिनमधली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी निसटला आहे. घरातल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि मोटर एकाच बंद डब्यात असतात, म्हणून तो वीस वर्षंही तसाच चालतो. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. त्याचा दांडा सीलमधून बाहेर आलेला असतो आणि इंजिन हलतं म्हणून नळ्यांचा काही भाग रबरी होजचा ठेवावा लागतो. सील आणि होज यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपणं स्वाभाविक आहे. पण मार्चमध्ये भरलेला गॅस जूनमध्ये कमी पडत असेल, तर ती गळती आहे. ती न शोधता पुन्हा गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं.

गाडीतल्या थंडाव्याचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला होता. त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडी नको असेल तेव्हा इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि बेल्टच काढून ठेवायचा. आज बटण दाबल्यावर जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचचा. जाणता मिस्त्री सर्वांत आधी हाच आवाज ऐकतो. क्लच लागतोच आहे ना, की लागून लगेच सुटतो आहे? बेल्ट घसरतो आहे का? एवढ्यातही निम्मी दिशा कळते.

त्यानंतर गेज लागतात. निळं कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या बाजूला. आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या गाडीत बाहेर ३२-३५ अंश असताना निळ्यावर साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि लालवर २०० ते २५० च्या आसपास दाब दिसला, तर यंत्र बरं चाललं आहे असं समजतात. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली असेल तर कॉम्प्रेसर थकला. निळा शून्याकडे ओढला जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला, किंवा आत शिरलेली ओल त्याच्या तोंडाशी गोठते आहे. इंजिन बंद असतानाचा दाब पाहून मात्र ‘गॅस भरपूर आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ३० अंशांना हा दाब सुमारे ९५ ते १०० पीएसआय असतो. आत द्रवरूप गॅस थोडासा उरला असला तरी तेवढाच, आणि भरपूर असला तरी तेवढाच. गॅस किती आहे हे वजनकाट्यावरच कळतं, दाबावर नाही.

लाल काटा ३०० च्या पुढे जाऊ लागला, की नवी मुंबईतला खास दुखणाईत भाग समोर येतो. तो म्हणजे कंडेन्सर. रेडिएटरच्या पुढे बसणारी ही जाळी केबिनमधली सगळी उष्णता बाहेर टाकते. पारसिकच्या कुशीत वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. त्यांची भुकटी, अवजड वाहनांनी उडवलेली धूळ, तेलाचा धूर आणि खाडीवरून येणारी खारी हवा हे सगळं कंडेन्सरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतं. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ वाटते. खरा गाळ असतो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. तो काढायचा तर जाळी मोकळी करून मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावी लागते. सर्व्हिस स्टेशनच्या जोरकस फवाऱ्याने ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो. कामाला वेळ लागतो, हात काळे होतात आणि बिलात मात्र ‘धुलाई’ एवढंच दिसतं. म्हणूनच बहुधा ते टाळलं जातं आणि त्याऐवजी गॅस भरला जातो. आधीच कोंडलेल्या कंडेन्सरमध्ये जास्तीचा गॅस भरला की दाब आणखी चढतो आणि थंडावा आणखी घटतो.

याची खूण चालकालाही ओळखता येते. ऐरोलीकडे गाडी वेगात असताना केबिन थंड होते, पण महापेच्या कोंडीत उभी राहिली की झोत कोमट होतो. असं होत असेल तर कंडेन्सरवर वारा कमी पडतो आहे. मिस्त्री अशा वेळी उभ्या गाडीच्या जाळीवर बाटलीने पाणी शिंपडून पाहतात. दोन मिनिटांत थंडावा वाढला तर गॅसला हात लावायचं कारण नाही. जाळी धुवायची, पंखा आणि त्याचं कपलिंग तपासायचं.

इथल्या दमटपणाचाही हिशेब ठेवावा लागतो. एसी नुसती हवा थंड करत नाही, तिच्यातली वाफही पाणी करून काढतो. एक लिटर पाणी असं काढायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता उपसावी लागते. बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी राहिली तर कोकणपट्टीतली ओल सतत आत येते आणि यंत्राची ताकद त्या ओलीवरच खर्च होते. जुन्या पिकअपमध्ये ही झडप तारेने ओढली जाते. तार सैल झाली की डॅशबोर्डवरचा खटका ‘बंद’ दाखवतो आणि झडप अर्धी उघडीच असते. दमट दिवसात चालत्या एसीच्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील तर कूलिंग कॉइल पुरेशी गार होत नाही, किंवा पाण्याची नळी तुंबून ते पाणी चालकाशेजारी बसलेल्याच्या पायाशी आत येतं आहे. कॉइलवरचा मातीचा आणि केसांचा थर काढल्यावर झोत लगेच दुप्पट वाटू लागतो. ब्लोअर जोरात फिरतो आणि वारा कमी येतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

गेज सगळे ठीक आणि तरीही केबिन तापलेली, अशी गाडी आली की अननुभवी माणूस चक्रावतो. अनेक जुन्या गाड्यांत हीटरचा कॉक नीट बंद होत नाही. इंजिनचं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी डॅशबोर्डमागे फिरत राहतं आणि कॉइलने गार केलेली हवा तिथेच पुन्हा तापते. हीटरचे दोन्ही होज क्लॅम्पने तात्पुरते दाबून पाहिले की उत्तर मिळतं. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर दोष हीटरचा. दाराची रबरं, फायरवॉलमधली वायरींची उघडी भोकं, गियर लिव्हरचं फाटलेलं बूट यांतूनही इंजिनची गरम हवा आत शिरते. रबराच्या शंभर-दोनशे रुपयांच्या तुकड्याने जे साधतं, ते नव्या कॉम्प्रेसरने साधत नाही. हे मी ठामपणे म्हणतो, कारण महागडा भाग उगाच बदलला गेल्यावर त्याचे हप्ते भरणारा माणूस तीच गाडी चालवून घर चालवत असतो.

गळती शोधण्याचं काम सबुरीचं. तेलकट डाग हा पहिला पुरावा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. जुने ओ-रिंग, सर्व्हिस व्हॉल्व्हची टोकं, होजचे दाबलेले जोड आणि कॉम्प्रेसरच्या सीलचा भाग तपासायचा. दुरुस्तीनंतर ओल शोषणारा ड्रायर बदलायचा आणि व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा. ३० अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरखाली न्यावा लागतो. त्याहून वर थांबलं तर आतली ओल तशीच राहते. मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून सोडायचा.

तो गॅस कोणता, हेही विचारावं. २०११ मध्ये भेसळीच्या गॅसमुळे जहाजांवर माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये स्फोट झाले. तीन माणसं गेली. आर-१३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि त्याची ॲल्युमिनियमशी घातक प्रक्रिया होते. पिकअपचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच आहे. खरा आर-१३४एदेखील निरुपद्रवी नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर विरवणाऱ्या आर-१२ ची जागा त्याने घेतली, पण कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो पृथ्वीला सुमारे १,४३० पट तापवतो. अर्धा किलो गळला तर अडीचशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्याइतका परिणाम होतो. गळती बंद करणारा मिस्त्री हे नुकसानही थांबवतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी वेगळे पैसे देत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना चालकाची केबिन वातानुकूलित असणं केंद्राने बंधनकारक केलं आहे. निर्णय चांगला आहे आणि उशिरा आला आहे. पण बहुतेक पिकअप साडेतीन टनांच्या आतल्या, आणि रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाड्यांना तर तो लागूच नाही. त्यांच्या केबिनचा थंडावा राहतो तो गॅरेजवाल्याच्या हातात.

म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी भर दुपारी, काचा बंद करून, मधल्या झोतात थर्मामीटर ठेवून एक फेरी मारावी. रबाळ्यापर्यंत आणि परत, वाटेत एका सिग्नलला मुद्दाम थांबून. झोत १० अंशांच्या आसपास आला आणि सिग्नलला फार चढला नाही, तर काम झालं. मग बिलावर झोताचं तापमान, दोन्ही गेजचे आकडे आणि भरलेल्या गॅसचं ग्रॅममधलं वजन लिहून घ्यावं. पुढच्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला तर दुसऱ्या मिस्त्रीलाही तिथून सुरुवात करता येते.