शून्याचे मोल

बँकेतील रोखपालाचा दिवस एका शून्याने संपतो. पुस्तकातील शिल्लक आणि पेटीतील रोकड यांतील फरक शून्य आला, की 'टॅली झाली' एवढेच म्हणून तो पेटी बंद करतो. त्याबद्दल त्याचे कोणी अभिनंदन करीत नाही. मात्र एखाद्या दिवशी शंभर रुपयांचा फरक पडू द्या, सारी शाखा त्याच्याभोवती गोळा होते! अनिष्ट न घडू देणे हेही कर्तृत्वच आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाने मात्र हे भान राखले आहे. प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता मिळविलेल्या विजयास तेथे 'शटआउट' म्हणतात. एकाच पिचरने संपूर्ण सामना टाकला असेल, तर तो त्याच्या नावावर सन्मानाने नोंदविला जातो. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनने वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सचे २७ च्या २७ फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचता आले नाही. निकाल होता २-०. वर्ल्ड सिरीजमध्ये असा सामना पुन्हा कोणाही एका पिचरला साधलेला नाही.

वाचकहो, याच वर्षी अवघ्या दोन महिन्यांनी आपल्या हॉकी संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याहून दीर्घ 'शटआउट' घडविला. अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल. उपांत्य फेरीत जर्मनीवर १-० आणि ६ डिसेंबर रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-०. पाच सामन्यांचा ताळेबंद मांडला तर जमेच्या बाजूस ३८ गोल आणि नावे शून्य! अंतिम सामन्यातील एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला.

आम्हा भिलाईकरांना या शून्याचा विशेष अभिमान वाटावा. त्या संघातील हाफबॅक लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ साली बिलासपूर येथे झाला होता. बंगाल-नागपूर रेल्वेच्या खरगपूर येथे ते फुटबॉल खेळत असत. तेथेच त्यांच्या हाती हॉकीची स्टिक आली. भिलाईहून जाणारा हावडा मार्ग बिलासपूरवरून खरगपूरलाच पोहोचतो. १९४८ ते १९६० या काळातील चार ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविले. मेलबर्नच्या त्या विजयाच्या जेमतेम महिनाभर आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर, दुर्ग आणि बिलासपूर एकाच राज्यात होते.

गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे इंदूरजवळच्या महूचे. १९४७ मध्ये ते सैन्यात बँड पथकात दाखल झाले आणि १९७९ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून एकच गोल झाला आणि भारताची १९२८ पासूनची सुवर्णपरंपरा खंडित झाली. त्या संघाचे कर्णधार होते क्लॉडियस. एका गोलाची किंमत काय असते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला उमगले. १९६४ मध्ये टोकिओत तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. मोहिंदर लाल यांनी गोल केला, लक्ष्मण यांनी आपला गोल अभेद्य राखला आणि १-० अशा फरकाने सुवर्णपदक परत आले. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तर गोलरक्षक असूनही तेच कर्णधार होते. अंतिम निकाल पुन्हा १-०!

अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री लाभलेल्या या गोलरक्षकाचे २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे निधन झाले. अखेरच्या आजारपणात त्यांना आर्थिक विवंचनाही सोसावी लागली. गोल करणाऱ्यांची नावे आपल्या ओठांवर असतात. गोल होऊ न देणारा मात्र विस्मरणात जातो.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात अपघाताविना पार पडलेली पाळी, वेळेवर तपासलेला रेल्वेरूळ किंवा संध्याकाळी जुळलेली रोकड, यांतील कशाचीही बातमी होत नाही. तरीही आपले सारे व्यवहार या न घडलेल्या गोष्टींवरच सुरळीत चालतात. तेव्हा आज शाखेतून निघताना पेटी बंद करणाऱ्या रोखपालाला 'छान झाले' असे दोन शब्द आवर्जून सांगावेत. त्याने राखलेले शून्यही मोलाचेच आहे.